चाकाला हळद

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. दुसरा कुणी चालवत असला तरी हे शेजारी डोळे मिटून, दोन्ही हातांनी सीट धरून बसायचे. एकदा घोडनदीहून दौंडला मी त्यांना ट्रकमधून आणत होतो, तर न्हावऱ्याला म्हणाले, मला इथं उतरव, उरलेलं चालत येतो. आणि असला हा माणूस नगर रस्त्यावरच्या झाडून सगळ्या ड्रायव्हरांना चाक म्हणजे काय ते शिकवायचा.

त्यांना सगळा गाव मामा म्हणायचा. मी आधी गावाबरोबर म्हणायचो, मग जावई झाल्यावर रीतीप्रमाणं म्हणायला लागलो. जावई झाल्यावर तरी मला शिव्या द्यायचे थांबतील असं वाटलं होतं. उलट वाढल्या. म्हणायचे, आता घरचा झालास, आता लाजायचं कशाला.

शिरूर, म्हणजे आमचं घोडनदी, सोडून नगरकडं निघालं की नदीच्या अलीकडं एक मोठी चिंच होती. चिंचेखाली फरशी, एक विहीर, बैलांना पाणी पाजायची दगडी डोण आणि मामांची पत्र्याची शेड. तिथं ते गाड्या धुवायचे. सगळी गाडी कुणीही धुवावी, पण चाकं फक्त मामांनी. त्यांची नोकरी दौंडच्या यार्डात रेल्वेचे डबे धुण्यात गेलेली. तिथून सुटताना गुडघ्याएवढे रबरी बूट, डोळ्यांवर बांधायचा एक जाड चष्मा आणि तेजाबाचं ज्ञान एवढं बरोबर घेऊन आले. बूट आणि चष्मा रेल्वेचे होते. ज्ञान तरी त्यांचं स्वतःचं होतं असं धरून चालू.

बूट बारा महिने पायात. रविवारी देवळातसुद्धा. आम्ही ख्रिस्ती माणसं, उपासना सुरू झाली की सगळी मंडळी शांत उभी असायची, आणि मागून चपक चपक आवाज आला की न वळता कळायचं, मामा आले. चष्मा कपाळावर असायचा. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांनी तो काढा म्हणून खूण केली, तर ह्यांनी काढायचा सोडून डोळ्यांवर ओढून घेतला आणि तसाच भाकरीचा तुकडा घेतला. पाळकसाहेबांनी पुन्हा कधी खूण केली नाही.

लाटसाहेबाच्या खास डब्याची चाकं मी धुतली, ही त्यांची आवडती गोष्ट. दर वेळी लाटसाहेब वेगळा असायचा. एका वेळी लाटसाहेबानं पाठीवर हात ठेवला, दुसऱ्या वेळी चहा पाजला, आणि एकदा तर विलायतेला चल म्हणाला आणि ह्यांनीच नको म्हटलं. आणि ह्यांची स्वतःची सायकल म्हणाल तर तिचा मूळ रंग काय होता ते सांगायला कुणी जिवंत नव्हतं. साखळीला हात लावला तर गंज बोटाला यायचा. मी म्हटलं, मामा, हिलाही जरा तेजाब दाखवा. तर म्हणाले, "तिला सोसायचं न्हाई. म्हातारी हाय ती."

तेजाबाला ते पाव्हणा म्हणायचे. चिनी मातीच्या बरणीत पाव्हणा शेडच्या कोपऱ्यात बसलेला असायचा. एरवी चिखल, गंज, रस्त्याचं डांबर, विहिरीच्या मचूळ पाण्यानं बसलेला पांढरा थर, हे घासून घासून हात मोडले तरी निघत नाही. पाव्हणा आला की निघतं. पण पाव्हणा तो, जास्त वेळ ठेवला तर घरच खातो. चाकाची चकाकी, रंग, लोखंड, सगळं. म्हणून त्याला आणायची रीत आणि घालवायची रीत. तेजाब पाण्यात ओतायचं, पाणी तेजाबात कधीच नाही. का, तर "पाव्हण्यानं आपल्या घरी यायचं. आपन तेच्या घरी गेलो की अपमान करतो."

चाक गरम असलं की हात लावायचे नाहीत. पुण्याहून पळत आलेला ट्रक उभा राहिला की मामा उकिडवे बसायचे, उलटा हात चाकाला लावायचे, आणि मान हलवून म्हणायचे, "ताप हाय. बसा." ड्रायव्हर बसायचे कुठले. एक नगरचा ड्रायव्हर लई तापट होता. तो म्हणाला, मामा, चाक हाय का लेकरू? मामा म्हणाले, "लेकराचा ताप आईला कळतो. तुला चाकाचा कळंना, तुझ्या लेकरांचं कसं व्हणार." तो ड्रायव्हर चिंचेखाली जाऊन बसला. आणि उन्हात तर काहीच करायचं नाही. उन्हात तेजाब भडकतं आणि वाळून चाकावर बसतं, म्हणून सगळं काम सावलीत. चिंचेची सावली सरकेल तशी गाडी सरकवायला लावायचे. ज्याला घाई असेल त्यानं घाण चाकं घेऊन जावं.

आता रीत ऐका. आधी चाक पाण्यानं चांगलं भिजवायचं. मग पातळ केलेला पाव्हणा कुंच्यानं लावायचा. घड्याळ मामांकडं नव्हतं. असतं तरी त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. ते गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि ओठातल्या ओठात प्रभूची प्रार्थना म्हणायचे. एकदा. आमेन म्हटलं की बादलीवर बादली पाणी. मळ जास्त असेल तर प्रार्थना सावकाश. नवीन चाक असेल तर इतकी भरभर की देवालाही कळत नसेल. पाणी झालं की धुण्याच्या सोड्याचं पाणी. तेजाब कुठं खाचेत दडून बसलं असेल तर सोडा लागला की तिथं फसफसायचं, आणि मामा त्या फेसाला म्हणायचे, "निघ आता. जेवलास ना?"

पण पाव्हणा गेला हे कळायचं कसं? त्यासाठी हळद. वाटीत हळदीचं पाणी, त्यात बोट बुडवून चाकाला टिपका लावायचा. टिपका पिवळाच राहिला तर सोड्याचा जोर पुरला नाही, अजून घाल. लाल झाला तर पाव्हणा गेला. पण तिथं थांबायचं नाही, कारण सोडाही चाकावर राहिला तर तोही रंग खातो. परत पाणी, परत टिपका, आणि आता तो पिवळाच राहिला पाहिजे. पिवळी, लाल, पिवळी. हे तीन शब्द म्हणजे मामांचा सगळा धर्म, असं गावात चेष्टेनं म्हणायचे. पुढं त्या चेष्टेनं माझं लग्न मोडायची पाळी आणली.

मी तेव्हा दौंडच्या एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. एका उन्हाळ्यात चाकं धुवायला मामांकडं थांबलो. मामा तंबाखू आणायला गेलेले, मला पुढं जायचं होतं. म्हटलं, आपण काय येडे आहोत का, आणि बरणीतलं तेजाब बादलीत घेऊन त्यात पाणी ओतलं. ते फुत्कारलं आणि माझ्या दंडावर उडालं. मी ओरडलो तसे मामा बूट चपकावत धावत आले. एका हातानं माझं बखोट धरलं, दुसऱ्या हातानं मान, आणि अख्खा हात बैलांच्या डोणीत बुडवला. मी म्हणतोय, सोडा लावा, सोडा लावा. मामा म्हणाले, "सोडा चाकाला. मानसाला पानी." आणि शेडकडं तोंड करून ओरडले, "सुले, पानी."

विहिरीवरून एक मुलगी, मामांची सुलोचना, बादल्या आणायला लागली. एक ओतली की दुसरी. बोलणं नाही, बघणं नाही. मामांनी मात्र तेवढ्या वेळात माझ्या बापाला, माझ्या मालकाला आणि चौथीच्या मास्तरालाही सोडलं नाही. हात इतका वेळ पाण्यात ठेवला की कातडी सुरकुतली. शेवटी सोडला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "दुखतंय का?"

मी म्हटलं, न्हाई.

"मग वरडत का व्हता?"

माझं लग्न तिथंच ठरलं असं मी समजतो. तिला विचारलं तर ती म्हणायची, मला तर बादल्या मोजायचंही सुचत नव्हतं, लग्न कुठलं. दंडावर डाग राहिला नाही. राहिला असता तर दाखवायला झाला असता. मामांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

पावसाळ्यात माझे वडील दौंडहून येऊन बोलणी करून गेले. आमच्यात लग्न ठरलं की मुलामुलीचं नाव देवळात मंडळीपुढं तीन रविवार वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. पहिल्या रविवारी वाचलं. कुणाची हरकत नव्हती. मग मधल्या आठवड्यात दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामांकडं जत्रा. आमची माणसं दसरा करत नाहीत, पण ट्रकवाले करतात, आणि पूजेच्या आधी चाकं चकचकीत पाहिजेत. चिंचेपासून पार रस्त्यापर्यंत ट्रक लागलेले. संध्याकाळी मिशनच्या शाळेचे मास्तर सायकलवरून चालले होते. मास्तर आमच्या मंडळीतले पंच, कुणाच्या घरात काय शिजतं ते वासावरून सांगणारे. त्यांनी काय पाहिलं? मामा ट्रकच्या चाकापुढं गुडघे टेकून बसलेत. डोळे मिटलेले, ओठ हलतायत. बाजूच्या चाकावर पिवळी बोटं, लाल बोटं. आणि मागं ट्रकवाला झेंडूचा हार आणि नारळ घेऊन उभा.

मास्तर सायकलवरून उतरलेसुद्धा नाहीत. तसेच पाळकसाहेबांच्या बंगल्याकडं गेले.

दुसऱ्या रविवारी आमचं नाव वाचलं नाही. पाळकसाहेब भला माणूस, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांवर चाकाची पूजा केल्याचा आरोप आहे, हळदकुंकू वाहून. त्यांनी पंचांपुढं उत्तर दिलं की पुढचं वाचू. मला हसायला आलं. म्हटलं, मामा दोन वाक्यं बोलले की संपलं. पण दोन वाक्यांत बोलले तर ते मामा कसले. कधी नव्हे ते पंचांपुढं त्यांनी तोंडच मिटलं. मला मात्र म्हणाले,

"मास्तरला इचारायचं व्हतं तर चाकापाशी उतरून इचारायचं. सायकलवरनं देव बघितला तेनं. आता सायकलवरच बसून ऱ्हा म्हनावं."

मी म्हटलं, मामा, लग्न माझं अडलंय.

"तुझं अडलंय तर तू सांग."

मी सांगितलं. मास्तर म्हणाले, जावयाची साक्ष चालत नाही. तिसऱ्या रविवारीही नाव वाचलं नाही. दौंडहून वडिलांचा निरोप आला की देवळात ज्याची चौकशी चालू आहे त्याच्या घरची सून मला नको, कासुर्डीला एक मुलगी बघून ठेवलीय, येऊन बघून जा. मी घोडनदीला येऊन सुलोचनाला तसंच सांगितलं. माझा स्वभाव आडपडदा ठेवायचा नाही. ती आत गेली आणि घरातली होती नव्हती ती सगळी हळद गोळा केली. स्वयंपाकाचा डबा, शेडमधली पुडी, मामांची वाटीसुद्धा. आणि कुठंतरी दडवून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून मामांना पांढरी आमटी. पांढरं पिठलं. पांढरा बटाट्याचा रस्सा. मामांनी वाण्याकडून हळद आणली तर तीही संध्याकाळपर्यंत गायब. आणि हळद नाही म्हणजे चाक नाही. पाव्हणा गेला की नाही ते कळल्याशिवाय चाक सोडायचं नाही, हा त्यांचाच कायदा. चिंचेखाली गाड्या यायच्या आणि मामा बूट घालून नुसते बसलेले असायचे. एक दिवस मला म्हणाले, "तुझी व्हणारी बायको लई वाईट हाय."

"तुमचीच मुलगी हाय."

"म्हनून तर सांगतो."

त्या रात्री जेवताना सुलोचना त्यांना म्हणाली, "बाबा, मंडळीपुढं चाक धुवून दाखवा. न्हाईतर ह्या घरात हळद लागायची न्हाई. आमटीला न्हाई आन् मलाबी न्हाई."

आमच्यात मुलीच्या लग्नाला हळद लागतेच, ख्रिस्ती असलो म्हणून काय झालं. मामा पांढरी आमटी पीत राहिले. मग म्हणाले, धुतो, पण मिशनची जीप सावलीत पाहिजे.

रविवारी उपासना सुटल्यावर मिशनची जीप देवळामागच्या लिंबाखाली लावली. सगळी मंडळी गोल उभी. मामांनी चाकाला उलटा हात लावला आणि म्हणाले, ताप हाय. सगळे थांबले. पोरं भुकेनं रडायला लागली. मास्तर हाताची घडी घालून पुढंच उभे. मग मामांनी पाणी मारलं, पाव्हणा लावला, गुडघे टेकले, डोळे मिटले.

"मोठ्यानं म्हणा," मास्तर म्हणाले. "आम्हालाही ऐकू द्या, कुणाला आळवता ते."

मामांनी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना सुरू केली. आता आमच्या माणसांचं असं आहे की कुणी ती सुरू केली की आपोआप माना खाली जातात आणि तोंडं हलायला लागतात. दुसऱ्या ओळीपासून बाया, मग पुरुष, मग पाळकसाहेब. शेवटी सगळी मंडळी जीपच्या चाकापुढं मान घालून एका सुरात प्रार्थना करत होती, आणि आमेन सगळ्यांत मोठ्यानं मास्तरांचं. डोळे उघडले तेव्हा समोर चाक. मास्तर घसा खाकरले.

इथंच मामांनी थांबावं की नाही? पण एवढी मंडळी जन्मात कधी त्यांचं ऐकायला उभी राहिली नव्हती. पाणी ओतता ओतता लाटसाहेबाचा डबा निघाला. लाटसाहेबानं पाठीवर हात ठेवला, चहा पाजला, विलायतेला चल म्हणाला, तिन्ही एकाच दिवशी. पाळकसाहेबांचं प्रवचन लहान वाटावं इतकं बोलले. आणि त्या भरात बोट हळदीत बुडवून थाटात चाकाला लावलं.

हळद पिवळीच.

मामांनी दुसरा टिपका लावला. पिवळा. तिसरा. पिवळा. ते स्वतःच्या बोटाकडं असे बघायला लागले की जणू ते आजच हाताला फुटलंय.

"पिवळीच आहे की," मास्तर म्हणाले. "मग दसऱ्याचं लाल कुठून आलं होतं? कुंकवाच्या करंड्यातून?"

मी सुलोचनाकडं पाहिलं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. माझ्या डोळ्यांपुढं कासुर्डी यायला लागली. जन्मभर लोकांना सोडा घाल, सोडा घाल म्हणून शिव्या घालणारा माणूस, आणि सोड्याची बादली त्यांच्या स्वतःच्या बुटामागं जशीच्या तशी.

तेवढ्यात मास्तरांची बायको पुढं आली. जाड बाई, कडेवर लेकरू, घरी चुलीवर कालवण ठेवून आलेली. "मामा, त्यो सोडा घालायचा ऱ्हायला न्हवं का तुमचा," म्हणाली, आणि वाट न बघता बादली उचलून चाकावर रिकामी केली. टिपके तिथल्या तिथं लाल झाले. विटेसारखे लाल.

पुरुषांनी आ वासला. बाया हसायला लागल्या. आधी एक, मग सगळ्या, तोंडाला पदर लावून. मास्तर म्हणाले, ह्यात हसण्यासारखं काय आहे?

"अवं, तुमच्या सदऱ्यावर आमटी सांडती," त्यांची बायको म्हणाली, "तिला साबण लावला की असंच लाल व्हतं. दर सोमवारी व्हतं. तुमी कवा धुनं बघितलंय का?"

मग बायांना कंठ फुटला. कुणी आपल्या नवऱ्याचं धोतर सांगितलं, कुणी लेकराचं झबलं. चाकाची पूजा मंडळीतल्या प्रत्येक घरात दर आठवड्याला दगडावर होत होती, आणि पंचांपैकी एकालाही त्याची बातमी नव्हती. सायकलवरून ती दिसली नसावी. पाळकसाहेब लिंबाच्या झाडाकडं तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. पुढच्या रविवारी नाव वाचतो म्हणाले.

मामांनी त्या बाईचे आभार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल. मामा म्हणाले, "सोडा लई घातला बाईनं. रंग जाईल जीपचा." आणि मंडळी जेवायला घरी गेली तरी हे देवळाच्या विहिरीचं पाणी ओढून ओढून चाकावर मारत राहिले, हळद परत पिवळी होईपर्यंत. बादल्या कुणी आणल्या ते सांगायला नको.

लग्नाच्या हळदीला मामा कामावरून तसेच आले. सासऱ्याचा मान म्हणून माझ्या दंडाला हळद लावली, बरोबर जिथं तेजाब उडालं होतं तिथं. लाल बोटं उठली. हातावरचा सोडा धुतलाच नव्हता. बाया ओरडल्या, मी हात झटकला, आणि सुलोचना शेजारच्या खोलीतून म्हणाली, "बाबा, अजून पानी मारा."

मामांना जाऊन लई वर्षं झाली. त्यांची चेष्टा करायची माझी सवय गेली नाही. जेवताना मी लाटसाहेबाचा डबा काढायचो, बूट चपकावून दाखवायचो, आणि सुलोचना म्हणायची, माझ्या बापाला नावं ठेवू नका, आणि म्हणता म्हणता तिलाच ठसका लागायचा. गेल्या थंडीत ती गेली. आता ही गोष्ट सांगितली तर घरातले हसतात, पण कुठं हसायचं ते कुणाला कळत नाही.

तिचे कपडे सूनबाईनं वाटायला काढले. एक पातळ मी ठेवून घेतलं. स्वयंपाक करताना हात पुसायची सवय होती तिला, पदराच्या एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता. सून म्हणाली, आबा, निदान धुवून तरी ठेवा, वास मारतोय. मी म्हटलं, मी धुतो. दगडावर बसलो, साबण लावला. डाग लाल झाला. मग पाणी घातलं, परत घातलं, पिवळा झाला. मामांच्या हिशोबानं काम झालं होतं.

पिळून उठलो तशी सून म्हणाली, "आबा, गच्चीवर टाका, उन्हात. हळदीचा डाग हाय, दोन उन्हं लागली की निघून जाईल."

मी ते घरामागं नेलं आणि सावलीत वाळत घातलं.